मेक नसताना मेक बिल्ड करणं

मशीनवर सी कंपायलर आहे, शेल आहे, पण मेक (मेकफाइलीत लिहिलेल्या नियमांप्रमाणे सोर्सवरून प्रोग्रॅम तयार करणारं टूल) नाही. अशा ठिकाणी ग्नू मेक सोर्सवरून उभं करायला अर्धा तास पुरतो. अवघड काही असेल तर ते त्या अर्ध्या तासात घेतलेले निर्णय. एखादा एडिटर बिघडला तर तो पुन्हा बिल्ड करता येतो. मेक बिघडलं तर ज्याच्या जोरावर दुरुस्ती करायची तेच हातातून गेलेलं असतं. म्हणून या एका प्रोग्रॅमच्या बाबतीत ‘कॉन्फिगरला (मशीनवर काय काय आहे ते तपासून बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) जे सापडेल ते जोडू दे’ ही सवय सोडावी लागते. काय जोडायचं आणि काय नाही, ते आपण स्वतः लिहून द्यायचं.

दुसरी वेळ येते जुन्या मशीनवर. मेक असतं, पण ३.८१ किंवा ३.८२. मॅकओएससोबत अजूनही ३.८१ येतं, कारण ३.८२पासून मेकचा परवाना जीपीएल ३ झाला. सेंटओएस ७वर ३.८२ होतं. तिथे नवं ग्लिबसी (लिनक्सवरची मुख्य सी लायब्ररी) बिल्ड करायला गेलं की कॉन्फिगर ‘अत्यावश्यक प्रोग्रॅम सापडत नाहीत किंवा फार जुने आहेत’ असं म्हणून थांबतं आणि पुढे एकच नाव असतं, मेक. त्याला किमान ४.० लागतं. निदान इथे कारण तरी समोर दिसतं. त्याहून वाईट म्हणजे गप्प राहून चुकणारा बिल्ड. ४.३मध्ये ‘&:’ लिहून एका रेसिपीतून (फाइल बनवायच्या कमांडमधून) अनेक फाइली तयार होतात असं सांगायची सोय आली. जुनं मेक त्या ‘&’ला साधं टार्गेटचं, म्हणजे बनवायच्या फाइलीचं, नाव समजतं, एररही देत नाही, आणि तीच रेसिपी प्रत्येक टार्गेटसाठी वेगळी चालवतं. समांतर बिल्डमध्ये दोन प्रक्रिया एकाच फाइलवर लिहायला लागतात आणि बिल्ड कधी पूर्ण होतो, कधी मोडतो.

पुढच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

सोर्स घेताना प्रकाशित टार्बॉलच (सोर्सची बांधून दिलेली संग्रह-फाइल) घ्यावा. ४.४.१ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२३ची. टार्बॉलसोबत .सिग फाइल, म्हणजे डिजिटल सही, असते, ती जीपीजीने तपासून घ्यायची. गिटवरून घेतलेल्या सोर्समध्ये कॉन्फिगर स्क्रिप्टच नसते. ती बनवायला आधी ./बूटस्ट्रॅप चालवावं लागतं, ते ग्नूलिब (ग्नू प्रोग्रॅमांचा सामाईक कोड) ओढून आणतं, शिवाय ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि गेटटेक्स्ट हाताशी हवेत. मेकसुद्धा नसलेल्या मशीनवर हा रस्ता धरण्यात अर्थ नाही.

टार्बॉल दोनदा उलगडायचा, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये. पहिल्या प्रतीतून कामचलाऊ मेक काढायचं, दुसरीतून कायमचं. एकाच प्रतीवर दोन्ही करायला गेलं तर दुसऱ्या वेळी कॉन्फिगर ‘सोर्स फोल्डर आधीच कॉन्फिगर केलेलं आहे, तिथे मेक डिस्टक्लीन चालवा’ असं सांगून थांबतं. जागा वाचवण्याजोगी नाही, टार्बॉल अडीच एमबीच्या आतला आहे.

इथेच पहिली ठेच लागते, ती फाइलींच्या वेळेची. टार्बॉलमधल्या कॉन्फिगर, एक्लोकल.एम४, मेकफाइल.इन आणि कॉन्फिग.एच.इन या बनवून दिलेल्या फाइली आहेत. त्या ज्या मूळ फाइलींवरून बनल्या त्यांच्यापेक्षा त्यांची वेळ नंतरची असणं गरजेचं असतं. उलगडलेलं फोल्डर ‘सीपी -आर’ने दुसरीकडे नेलं, पेन ड्राइव्हवरून फिरवलं किंवा गिटमध्ये टाकून परत काढलं, की हा क्रम विस्कटतो. मग बिल्डच्या मध्येच ‘एक्लोकल-१.१६ तुमच्या मशीनवर नाही’ अशा अर्थाची एरर येते आणि माणूस ऑटोमेक शोधायला निघतो. ऑटोमेकची इथे काहीच गरज नसते. टार्बॉल जसाच्या तसा न्यायचा आणि जिथे बिल्ड करायचा तिथेच उलगडायचा. उलगडलेलंच फोल्डर हलवायचं असेल तर ‘सीपी -ए’ वापरायचं, त्यात वेळा जपल्या जातात. फोल्डर आधीच विस्कटलेलं असेल तर पहिल्यांदा एक्लोकल.एम४, मग सगळ्या मेकफाइल.इन, मग कॉन्फिगर आणि शेवटी कॉन्फिग.एच.इन अशा क्रमाने ‘टच’ (फाइलीची वेळ आत्ताची करणारी कमांड) चालवलं की बहुतेक वेळा काम भागतं.

मशीनचं घड्याळ मागे असेल तर याचंच दुसरं रूप दिसतं. बॅटरी गेलेल्या बोर्डवर किंवा नुकत्याच सुरू केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर कॉन्फिगर सुरुवातीलाच सांगतं की नव्याने तयार केलेली फाइल टार्बॉलमधल्या फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. ही तक्रार शब्दशः खरी मानायची. घड्याळ लावायचं आणि पुन्हा सुरू करायचं. बिल्ड फोल्डरच्या वाटेत कुठे स्पेस असेल तर ‘असुरक्षित वर्किंग डिरेक्टरी’ची एरर येते, तिलाही उपाय एकच, बिनस्पेसच्या वाटेवर जायचं.

आता पहिला टप्पा. पहिल्या प्रतीत जाऊन ही कमांड:

./कॉन्फिगर --विदाउट-गाईल --डिसेबल-एनएलएस --डिसेबल-लोड

या कामचलाऊ मेकला दोनच कामं करायची आहेत, दुसरं मेक बिल्ड करायचं आणि बाजूला व्हायचं. त्याला भाषांतरित संदेश नकोत, बाहेरून लोड होणारे प्लगइन नकोत, गाईल (स्कीम भाषेचा इंटरप्रिटर) तर नकोच.

कॉन्फिगर इथेच अडलं तर कॉन्फिग.लॉग उघडायचा. पडद्यावरची शेवटची ओळ फारच थोडं सांगते. एक नमुना पाहा. पडद्यावर येतं, ‘सी कंपाइल केलेले प्रोग्रॅम चालवता येत नाहीत, क्रॉस-कंपाइल करायचं असेल तर --होस्ट वापरा’. वाचणारा --होस्ट देऊन बसतो आणि अडचण आणखी खोल जाते. कॉन्फिग.लॉगमध्ये त्याच जागी दिसतं की कंपायलरने कॉन्फटेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम नीट बनवला, ./कॉन्फटेस्ट चालवताना मात्र ‘परवानगी नाही’ आलं. म्हणजे कंपायलर ठीक आहे, बिल्ड फोल्डर ज्या डिस्कवर आहे ती नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम चालू न देणारा पर्याय) लावून माउंट केलेली आहे. सर्व्हरवरचं /टीएमपी बऱ्याचदा असंच असतं. फोल्डर दुसरीकडे हलवलं की प्रश्न मिटतो. लॉग वाचताना शेवटून वर जायचं नाही, कारण शेवटी नुसती शेकडो व्हेरिएबलांची यादी असते. पडद्यावर जे वाक्य आलं ते लॉगमध्ये शोधायचं आणि त्याच्या लगेच वरच्या दहा-पंधरा ओळी वाचायच्या.

कॉन्फिगर पार पडलं की:

एसएच बिल्ड.एसएच

मेक नसलेल्या मशीनसाठीच ही स्क्रिप्ट टार्बॉलमध्ये ठेवलेली आहे. कॉन्फिगरने ठरवलेला कंपायलर आणि फ्लॅग ती घेते, सी फाइली एकेक करून कंपाइल करते आणि शेवटी लिंक करते. कोणती फाइल बदलली, कोणती नाही, याचा हिशेब ती ठेवत नाही. त्यामुळे मध्ये थांबली तर पुन्हा पहिल्यापासून. मेकचा कोड लहान असल्याने त्याचं काही वाटत नाही. शेवटी त्याच फोल्डरमध्ये मेक नावाचा प्रोग्रॅम तयार होतो. ‘./मेक --व्हर्जन’ चालवून खात्री करायची. हे मेक इन्स्टॉल करता येतं, तशी सूचना रीडमीमध्येही आहे. पण ते तसं न करता दुसरा टप्पा घ्यावा असं आमचं ठाम मत आहे, कारण या नव्या मेकने दुसरं मेक बिल्ड करून दाखवणं ही त्याची पहिली खरी परीक्षा असते.

दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या प्रतीशेजारी बिल्ड नावाचं रिकामं फोल्डर करायचं, त्यात जायचं आणि कॉन्फिगर बाहेरून चालवायचं:

../मेक-४.४.१/कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/मेक-४.४.१ --विदाउट-गाईल

असं केलं की सोर्स स्वच्छ राहतो, आणि फ्लॅग बदलून दुसरा बिल्ड करायचा झाला तर दुसरं रिकामं फोल्डर पुरतं.

गाईलबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महाग पडणारी चूक तिथे होते. ४.० आवृत्तीत, म्हणजे २०१३मध्ये, मेकफाइलीत गाईल स्कीमचा कोड लिहायची सोय आली. पर्याय दिलाच नाही तर कॉन्फिगर पीकेजी-कॉन्फिगला विचारतं आणि गाईलच्या डेव्हलपमेंट फाइली सापडल्या तर मुकाट्याने जोडून टाकतं. बिल्ड छान होतो, चाचण्या पार पडतात, महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. मग कधीतरी मशीनवरचं गाईल बदलतं किंवा निघून जातं आणि मेक सुरूच होत नाही: ‘लिबगाईल-३.० ही शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’. आता गाईल पुन्हा बिल्ड करायला मेक हवं आणि मेक चालायला गाईल. डेबियनने यावर सरळ तोडगा काढला आहे, मेक हे पॅकेज गाईलशिवाय आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी मेक-गाईल वेगळं. मेकफाइलीत गाईल खरोखर वापरणारे फार थोडे असतात. ते तुम्ही नसाल तर --विदाउट-गाईल प्रत्येक वेळी लिहायचं, मशीनवर गाईल नसलं तरीही. आज नाही म्हणून उद्याच्या बिल्ड मशीनवर नसेलच असं नाही.

लोड हा पर्याय कायमच्या मेकमध्ये राहू द्यायला हरकत नाही. त्याने मेकला .एसओ फाइल चालू असतानाच जोडून घेता येते. पूर्ण स्टॅटिक, म्हणजे सगळ्या लायब्ररी पोटातच असलेलं, मेक हवं असेल तर मात्र तो बंद करायचा, म्हणजे --डिसेबल-लोड आणि सोबत एलडीफ्लॅग्ज=-स्टॅटिक. ग्लिबसीवर लिंक करताना गेटपीडब्ल्यूनॅमबद्दल एक इशारा येतो की स्टॅटिक प्रोग्रॅमलाही चालताना त्याच आवृत्तीच्या ग्लिबसीच्या शेअर्ड लायब्ररी लागतील. घाबरून जायचं कारण नाही. मेकफाइलीतल्या वाटेत ‘~नाव’ लिहिलेलं असलं तर त्या वापरकर्त्याचं होम फोल्डर शोधायला मेक हे फंक्शन वापरतं. तसं लिहिणं टाळलं की काम भागलं. ४.३पासून मेक रेसिपी चालवायला शक्य तिथे पॉझिक्स_स्पॉन (नवी प्रक्रिया सुरू करणारं फंक्शन) वापरतं. जुन्या फोर्क-एक्झेकवर परत जायचं असेल तर --डिसेबल-पॉझिक्स-स्पॉन आहे, पण ठोस कारण असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कंपायलरच्या फ्लॅगमध्ये दोन गोष्टी सांभाळायच्या. सीफ्लॅग्ज दिलं नाही तर ‘-जी -ओ२’ धरलं जातं. आपण काहीही दिलं की हे दोन्ही जातात, त्यामुळे हवे असतील तर पुन्हा लिहायचे. ‘-ओ२’मधलं ओ हे मोठं अक्षर आहे, शून्य नाही. दुसरी गोष्ट, -डब्ल्यूएरर कॉन्फिगरला कधीही द्यायचं नाही. कॉन्फिगर शेकडो छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून पाहतं आणि ते ओबडधोबड लिहिलेले असतात. साध्या इशाऱ्याचीही एरर झाली की त्याला वाटतं हे फंक्शन या मशीनवर नाहीच. मग असलेल्या फंक्शनांच्या जागी ते स्वतःचे पर्याय घुसवतं आणि बिल्ड भलतीकडेच मोडतो. इशारे कडक करायचेच असतील तर कॉन्फिगर झाल्यावर मेकच्या कमांडवर सीफ्लॅग्ज बदलून द्यायचं.

जीसीसी १५पासून, म्हणजे एप्रिल २०२५पासून, कंपायलर सांगितल्याशिवाय सी२३ धरतो. जुन्या सीमध्ये फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस म्हणजे ‘काय काय द्यायचं ते इथे सांगितलेलं नाही’. सी२३मध्ये त्याचा अर्थ ‘काहीही द्यायचं नाही’. जुन्या सोर्समध्ये अशा घोषणा ठिकठिकाणी आहेत आणि त्या ‘जास्त आर्ग्युमेंट दिली’ किंवा ‘परस्परविरोधी प्रकार’ म्हणून अडतात. सोर्स खरवडत बसण्यापेक्षा सीफ्लॅग्ज="-जी -ओ२ -एसटीडी=ग्नू१७" कॉन्फिगरच्याच कमांडवर द्यायचं. कॉन्फिगरच्या कमांडवर दिलेली व्हेरिएबलं कॉन्फिग.स्टेटसमध्ये नोंदली जातात, पुन्हा तपासणी झाली तरी तीच वापरली जातात.

कोणाला मुद्दाम ४.२.१ हवं असेल तर कॉन्फिगरचा अंदाज कसा हुकतो ते तिथे स्वच्छ दिसतं. नावांचे पॅटर्न उलगडायला मेक ग्लोब हे फंक्शन वापरतं. ४.२.१चं कॉन्फिगर पाहतं की ग्लिबसीच्या ग्लोबचा इंटरफेस क्रमांक बरोबर १ आहे का. फेब्रुवारी २०१८मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२७ने तो २ केला. क्रमांक जुळला नाही म्हणून कॉन्फिगरने सिस्टिमचं ग्लोब नाकारलं आणि मेकसोबत आलेलं जुनं ग्लोब घेतलं. त्या जुन्या कोडला __अलोका हवं असतं, ते सापडत नाही, आणि लिंक करताना ‘__अलोकाचा संदर्भ लागत नाही’ अशी एरर येते. एरर दिसते ग्लोब.सीमध्ये, चूक झालेली असते कॉन्फिगरच्या एका ‘बरोबर १’मध्ये. जानेवारी २०२०च्या ४.३मध्ये हे दुरुस्त झालं. त्यामुळे पॅच शोधण्यापेक्षा ४.३ किंवा पुढचं घेणं सोपं.

आता पहिल्या टप्प्यातलं मेक पूर्ण वाटेने बोलावून बिल्ड करायचं, हवं तर -जे४ लावून. मग त्याच मेकने चेक हे टार्गेट, म्हणजे चाचण्या. चाचण्या पर्लमध्ये आहेत, पर्ल नसेल तर त्या चालत नाहीत. ४.२.१ आणि पर्ल ५.२६ची जोडी असेल तर चाचण्या सुरू होण्याआधीच पडतात, कारण त्या आवृत्तीपासून पर्लने चालू फोल्डरमध्ये मॉड्यूल शोधणं बंद केलं. पर्ल५लिबमध्ये टेस्ट्स फोल्डरची पूर्ण वाट दिली की सुरू होतात. एखादी चाचणी फसली तर टेस्ट्सखालच्या वर्क फोल्डरमध्ये तिच्या नावाची डिफ फाइल सापडते. अपेक्षित काय होतं आणि आलं काय, ते तिथे समोरासमोर दिसतं.

इन्स्टॉल करताना प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉलची मूळ जागा, बदलायचा मोह टाळायचा. इन्क्लूड फाइली कुठे शोधायच्या, भाषांतरं कुठे आहेत, या वाटा कंपाइल होतानाच प्रोग्रॅममध्ये कोरल्या जातात. इन्स्टॉलच्या वेळी प्रीफिक्स बदलला तर फाइली नव्या जागी जातात आणि मेक जुन्या जागी शोधत राहतं. पॅकेज बनवण्यासाठी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवायचं असेल तर त्यासाठी डेस्टडिर आहे. सिस्टिमच्या मेकशेजारी सुखाने राहायचं असेल तर कॉन्फिगरला --प्रोग्रॅम-प्रीफिक्स=जी द्यायचं, प्रोग्रॅमचं नाव जीमेक होतं.

पाथमध्ये नवी जागा आधी घातली तरी चालू शेल जुनंच मेक चालवत असेल तर ‘हॅश -आर’ करायचं, बॅश जुनी वाट लक्षात ठेवून असतं. मग तपासणी. एका फाइलीत $(इन्फो $(.फीचर्स)) एवढी एक ओळ आणि ऑल: हे टार्गेट लिहून ती चालवायची. छापलेल्या यादीत जॉबसर्व्हर (समांतर कामं वाटून देणारी सोय), आउटपुट-सिंक आणि लोड असावेत, गाईल नसावं. त्यानंतर मेकच्या प्रोग्रॅमवर एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवायचं. साध्या लिनक्सवर सी लायब्ररी आणि लोडर यांखेरीज फारसं काही दिसत नाही. अनोळखी लायब्ररी दिसली तर कॉन्फिगरच्या कमांडकडे परत जायचं.

दोन मेक शेजारी असताना आणखी एक गोष्ट उद्भवते. ४.४पासून मेक आपल्या पोटातल्या (म्हणजे रेसिपीतून त्यानेच सुरू केलेल्या) मेकांशी नेम्ड पाइपमधून बोलतं, आधी दोन फाइल-क्रमांक देत असे. ज्या मेकफाइलीत $(मेक) न लिहिता नुसतं मेक लिहिलेलं असतं, तिथे पाथमधलं जुनं मेक उचललं जाऊ शकतं. त्या जुन्या मेकला नेम्ड पाइपची ही पद्धत कळत नाही; ते ४.३ असेल तर जॉबसर्व्हरची माहिती चुकीची आहे अशी एरर देऊन थांबतं. मेकफाइल दुरुस्त करणं हाच खरा उपाय. ती आपल्या हातात नसेल तर --जॉबसर्व्हर-स्टाइल=पाइप देऊन पाहावं, जुन्या पद्धतीवर विसंबलेल्या इतर टूल्सची अडचण त्याने दूर होते.

बिल्ड फोल्डर लगेच पुसायचं नाही. ‘./कॉन्फिग.स्टेटस --कॉन्फिग’ म्हटलं की हे मेक नेमक्या कोणत्या पर्यायांनी कॉन्फिगर केलं होतं ते एका ओळीत छापून येतं, आणि पुढे कधी काढून टाकायचं झालं तर ‘मेक अनइन्स्टॉल’ त्याच फोल्डरमधून चालतं.